न विचारणाऱ्याचं ऑइल

चर्चा लांबत गेली आणि हाती काहीच लागेना, की आपण त्याला एरंडाचं गुऱ्हाळ म्हणतो. उसाऐवजी एरंड चरकात घातला तर रात्रभर पिळूनही काहिलीत गूळ पडत नाही. मोटरसायकलला कोणतं इंजिन ऑइल चांगलं, हा वाद या म्हणीत इतका चपखल बसतो की म्हण त्याच्यासाठीच केली असावी असं वाटतं. त्यातली गंमत म्हणजे कॅस्ट्रॉल हे नाव खरंच एरंडावरून आलंय. चार्ल्स वेकफिल्डने १८९९ मध्ये इंग्लंडात वंगणाची कंपनी काढली. मोटारी आणि विमानांच्या इंजिनांसाठी एरंडेल मिसळलेलं तेल विकायला लागल्यावर १९०९ मध्ये त्याने एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून हे नाव ठेवलं. आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला एरंडेल लागतच होतं, फक्त त्याची जाहिरात कुणी केली नाही.

मी शिरूरचा. डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, म्हणजे आमच्या बॅचमधल्या निम्म्या पोरांसारखाच. आठवडाभर खराडीत असतो, शनिवारी नगर रोडचं ट्रॅफिक सोसत घरी जातो. ऑफिसात मी नेमकं काय करतो हे घरात कुणालाच सांगता येत नाही, पण इंजिनियर आहे म्हणजे इंजिनातलं कळत असणार, हा हिशोब सगळ्यांना पटतो. त्यामुळे 'कोणतं ऑइल टाकू रे?' हा प्रश्न वर्षातून पंधरा-वीस वेळा तरी येतो. मी एका ओळीत उत्तर देतो: गाडीबरोबर जे पुस्तक मिळालं त्यात लिहिलंय ते. समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला काहीतरी गुपित हवं असतं.

गुपित काही नाही. पुस्तकात तीन गोष्टी असतात. पहिली म्हणजे १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० असे आकडे. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. त्याच्या आधीचा आकडा गार तेल किती सहज हलतं ते सांगतो. दहाची ही चाचणी उणे २५ अंशांना होते, वीसची उणे १५ अंशांना. शिरूरला पारा दहाच्या खाली गेला तर पेपरात बातमी येते, तेव्हा या आकड्यावरून आपण एवढं भांडायचं कारण नाही. मागचा आकडा आपल्या कामाचा. इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंशांना, तेल किती दाट राहतं ते तो सांगतो. तीसपेक्षा चाळीस दाट, चाळीसपेक्षा पन्नास. दुसरी गोष्ट एपीआयची अक्षरं: एसजे, एसएल, एसएन वगैरे. दुसरं अक्षर पुढचं, तितकी कसोटी नवी. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी वाचली जाणारी. आपल्या बहुतेक मोटरसायकलींच्या क्लच प्लेटा इंजिनाच्याच ऑइलात बुडालेल्या असतात. कारच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायनं घालतात. इंजिनाला ती चालतात, पण क्लच तर घर्षणावरच जगतो. कारचं असं ऑइल टाकलं की चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी पुढं सरकत नाही. म्हणून जपानी लोकांनी १९९८ मध्ये जासो नावाचं वेगळं मानक आणलं. क्लच ऑइलात असलेल्या गाड्यांना एमए, आणि ज्यांचा क्लच ऑइलात नसतो त्या स्कूटरना एमबी.

झालं. स्वतःच्या गाडीपुरता विषय इथं संपतो.

दौंडच्या माझ्या मित्राच्या मते तो इथं सुरू होतो. तो रोज दौंड स्टेशनला मोटरसायकल लावतो आणि रेल्वेनं पुण्याला नोकरीला जातो, म्हणजे त्याची लाडकी साडेतीनशे सीसी दिवसातले दहा तास पार्किंगमध्ये उभी. तरीही ती पूर्ण सिंथेटिक पिते, हजार रुपयांच्या घरातलं लिटर. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला, कोणतं ऑइल टाकलं, काढलेलं किती काळं होतं, सगळं त्याच्या एक्सेल शीटमध्ये आहे. मी कधीतरी रविवारी न्हावरे, पारगाव करत चौफुल्याला येतो आणि सोलापूर हायवेनं पाटसवरून दौंड गाठतो. वाटेत केडगावच्या बाजूला खरी गुऱ्हाळं लागतात, गरम गुळाचा वास येतो. मग स्टेशनबाहेर चहा घेत आमचं एरंडाचं. एमए की एमए२, मिनरल की सिंथेटिक, तीन हजारला बदलायचं की पाचला.

त्याला मी कधीच टोकत नाही. गाडी त्याची, पैसे त्याचे, छंद त्याचा. समजा तो चुकला, तरी भोगणार तोच. पण याच स्टेशनवर बसून मला इंजिन ऑइलबद्दल पहिल्यांदा वेगळं काहीतरी सुचलं, आणि ते त्याच्या एक्सेल शीटमध्ये बसणारं नव्हतं.

दौंड-मनमाड लाइन १८७८ सालची. त्या काळात रेल्वेच्या डब्यांचे बेअरिंग हा जगभर डोकेदुखीचा विषय होता. तापायचे, जळायचे. १८८३ च्या सुमारास बोशॅम्प टॉवर नावाचा इंग्रज इंजिनियर अशाच बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला म्हणून त्याने बेअरिंगच्या डोक्यावर एक भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी बाहेर यायला लागलं. त्याने बूच बसवलं, ते बाहेर ढकललं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर आली. शेवटी तिथं प्रेशर गेज लावला तर दर चौरस इंचाला दोनशे पौंडांच्याही वर दाब. तीन वर्षांनी ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. आम्हाला ते समीकरण मशीन डिझाइनला होतं आणि आम्ही ते पाठ करून विसरलो. त्याचा अर्थ मात्र विसरण्यासारखा नाही. फिरणारा दांडा स्वतःच तेलाला फटीत ओढत नेतो आणि त्या तेलाच्या दाबावर तरंगतो. नीट चाललेल्या बेअरिंगमध्ये धातूला धातू लागतच नाही. मधे केसाहून कितीतरी पातळ असा एक पडदा असतो, आणि सगळं ओझं त्याच्यावर.

म्हणजे ज्याच्यावर सगळं उभं आहे ते कुणालाच दिसत नाही. टायर झिजला तर दिसतो, ब्रेक गेला तर कळतो. ऑइल चुकीचं असेल किंवा बनावट असेल तर गाडी त्या दिवशी चालूच होते, दुसऱ्या दिवशीही होते. वर्षा-दोन वर्षांनी पिस्टन-रिंगा बोलायला लागतात तेव्हा कुठल्या बाटलीनं घात केला हे कोण सांगणार? एरवी बाजारात चूक आणि शिक्षा जवळजवळ असतात, म्हणून आपण शिकतो. इथं त्या दोघींच्या मधे दोन वर्षं आणि पंचवीस-तीस हजार किलोमीटर असतात.

मित्राला याची काळजी नाही, कारण तो वाचतो, तपासतो, नावाजलेल्या ठिकाणाहून मागवतो. माझ्या डोक्यात नाना आले.

नाना माझे चुलते. शिरूरपासून सात-आठ किलोमीटरवर आमची वस्ती आहे. तिथून ते रोज सकाळ-संध्याकाळ स्प्लेंडरला दोन्ही बाजूंनी किटल्या अडकवून निघतात. थोडं दूध डेअरीला, बाकीचा गावात रतीब. गाडीला किती वर्षं झाली हे त्यांनाही आठवत नाही आणि किलोमीटरचा काटा कधीच बंद पडलाय. नानांनी आयुष्यात कधी 'कोणतं ऑइल?' असं विचारलेलं नाही. ते गॅरेजला गाडी लावतात, 'बघ रे' म्हणतात आणि समोर चहाला बसतात.

इंजिन ऑइल निवडण्याचा नैतिक भाग मला या 'बघ रे'मध्ये दिसतो. विचारणाऱ्याला काय द्यायचं हा माहितीचा प्रश्न आहे. न विचारणाऱ्याच्या गाडीत काय ओतायचं, हा वेगळाच प्रश्न आहे. तिथं ओतणाऱ्याला कुणी बघत नसतं, आणि बघितलं तरी कळणार नसतं.

नाना भोळे नाहीत, हेही सांगायला हवं. शेतकऱ्याला न तपासता येणाऱ्या गोष्टींची जितकी सवय असते तितकी आपल्याला नसते. डेअरीत मशीन फॅट आणि एसएनएफ दाखवतं. गाईच्या दुधाचा दर ३.५ आणि ८.५ धरून ठरतो, त्याच्या खाली आलं की पैसे कापले. मशीन बरोबर आहे का, हे नाना कशानं तपासणार? कारखान्याच्या काट्यावर ऊस जातो, आणि काटा मारला की नाही यावर गावोगाव पारावर चर्चा होते. बियाण्याच्या पिशवीत काय आहे ते उगवल्यावर कळतं, तोवर हंगाम निघून गेलेला. आणि हे सगळं सोसणारे नाना गावात ज्यांच्या पातेल्यात दूध ओततात, त्या बायकांना तरी त्यात पाणी किती हे कुठं दिसतं? नाना साखळीच्या मधे उभे आहेत. एका हाताला त्यांना न तपासता घ्यावं लागतं, दुसऱ्या हातानं ते न तपासणाऱ्याला देतात.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये यावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला माल माहीत आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजाराचं काय होतं? त्याचं मुख्य उदाहरण जुन्या मोटारींचं आहे, पण तो त्याआधी वर्षभर दिल्लीत राहिला होता आणि निबंधात आपल्याकडचे तांदूळही येतात. भारतातल्या गृहिणीला बाजारातले तांदूळ निवडावे लागतात, कारण त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात, असं तो लिहितो. त्याचा निष्कर्ष कडवट आहे. घेणाऱ्याला फरक कळत नसेल तर चांगला माल विकणाऱ्याला चांगली किंमत मिळत नाही. मग तो बाजार सोडतो आणि मागे खडेवाले उरतात. आजीनं सुपात तांदूळ घेऊन निवडलेले मी पाहिलेत. पण ऑइल कुठल्या सुपात घेणार?

अकरलॉफचं खरं मानलं तर शिरूरच्या बसस्टँडमागच्या त्या गॅरेजमध्ये आत्तापर्यंत फक्त भेसळच शिल्लक राहायला हवी होती. तसं झालेलं नाही, आणि ते का झालं नाही हे शोधण्यात मला रस आहे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी मी नानांची गाडी घेऊन तिथं गेलो. फिटरनं कपाटातून बाटली काढली ती २०डब्ल्यू-४० ची. स्प्लेंडरच्या पुस्तकात १०डब्ल्यू-३० लिहिलंय, हे मला पाठ. मी म्हटलं, "मामा, हिला दहा-तीस लागतं ना?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पुस्तक बरोबर हाय. पण पुस्तकानं नानाला बघितलंय का?"

मग त्यांनी गाडी चालू केली, ॲक्सिलेटर दिला आणि मागचा निळसर धूर दाखवला. रिंगा गेल्यात. गाडी ऑइल खाते. पातळ टाकलं तर महिन्या-सव्वा महिन्यात पातळी खाली जाणार. "नाना काय दांडी काढून ऑइल बघत न्हाय. किटल्या भरल्या की निघाला. कोरडं पळालं तर क्रँक धरंल, मग दूध काय डोक्यावर नेतो का?" रिंगा का बदलत नाही विचारलं, तर म्हणाले, "सांगितलंय कवाच. उसाचं बिल आल्यावर करू म्हणाला. तवर जाड टाकून ढकलतोय." किलोमीटरचा काटा बंद, म्हणून पुस्तकातलं 'इतक्या किलोमीटरला बदला' हे तसंही निरुपयोगी. फिटरच्या डायरीत नानांच्या नावापुढं तारखा होत्या, साधारण दीड-दीड महिन्याच्या अंतरानं. मग त्यांनी बाटलीचं सील माझ्यासमोर तोडलं, ऑइल ओतलं आणि रिकाम्या बाटलीत स्क्रू-ड्रायव्हर खुपसून भोक पाडलं. असं का, तर अखंड बाटल्या भंगारातून उचलून परत भरल्या जातात आणि नव्याच्या भावानं विकल्या जातात. काढलेलं जळकं ऑइल एका डब्यात. ते गेटच्या बिजागऱ्यांना आणि चेनला लावायला लोक घेऊन जातात.

तांत्रिकदृष्ट्या त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दाट ऑइल झिजलेल्या फटींतून कमी निसटतं. गार इंजिनात वरपर्यंत पोचायला ते जास्त वेळ घेतं आणि पेट्रोलही किंचित जास्त जातं, हा तोटा. हा इलाज नाही, ढकलणं आहे, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. घरी आल्यावर मी नानांना विचारलं, तुमच्या गाडीत कोणतं ऑइल टाकतात माहितीये का? म्हणाले, "नंबर काय ठाव न्हाय. जाड टाकतोय म्हणला. धूर कमी होईल, पण काम काढावं लागंल."

मला या उत्तराचं फार आश्चर्य वाटलं. नानांना आकडा माहीत नव्हता, पण ज्याच्यावर त्यांचा निर्णय अवलंबून होता तेवढं त्यांना नेमकं माहीत होतं. माझ्या मित्राला त्याच्या ऑइलाची दहा वैशिष्ट्यं सांगता येतात. नानांना एकच माहिती होती आणि ती पुरेशी होती, कारण फिटरनं ती त्यांच्या मापानं सांगितली होती.

कान्टच्या १७८५ च्या एका पुस्तकात एक वाणी आहे. तो गिऱ्हाइकाला फसवत नाही. सगळ्यांना एकच भाव, अगदी लहान पोर आलं तरी त्याला तोच. कान्ट म्हणतो, वागणं बरोबर आहे, पण धंदा टिकावा म्हणून तो तसं वागत असेल तर त्याला नैतिक मोल नाही. कर्तव्य म्हणून वागला असता तर होतं. कॉलेजात असताना एका मित्राच्या हॉस्टेलच्या खोलीवर हे वाचलं तेव्हा मला ते एकदम पटलं होतं. फिटरकडं बघून मात्र पटेना. फिटरचाही धंदाच आहे. नाना परत येणार आहेत, दुधाच्या रतीबामुळे निम्म्या गावाशी त्यांचं बोलणं आहे, फसवलं तर बातमी दोन दिवसांत फिरेल. कान्टच्या हिशोबात इथं मोल शून्य.

पण नुसता स्वार्थ असता तर त्यानं काय केलं असतं? महाग बाटली खपवली असती, किंवा 'इंजिन आत्ताच खोलायला लागतंय' म्हणून घाबरवून सात-आठ हजारांचं काम काढलं असतं. दोन्ही गोष्टी कुणालाही खोट्या ठरवता आल्या नसत्या. दुसरी तर बऱ्यापैकी खरीच होती. नाना ऑइल बघत नाहीत, नानांचे पैसे कधी येतात, दूध एक दिवसही थांबू शकत नाही, हे ध्यानात ठेवून बाटली निवडायची, यासाठी धंद्याच्या पलीकडचं काहीतरी लागतं. त्याला कर्तव्य म्हणावं असंही मला वाटत नाही. त्या माणसाकडं नीट बघितलेलं असणं, एवढंच ते आहे. कान्ट वाण्याच्या मनात डोकावतो. पोराला मात्र वाण्याच्या मनाशी काही घेणं नसतं, त्याला साखर पुरती हवी असते.

मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो अस्वस्थ झाला. मनानं फार चांगला आहे तो. म्हणाला, "मी माझ्या गाडीत टाकतो तेच नानांना टाक. पैसे मी देतो." स्वतःला जे हवं ते दुसऱ्याला द्यावं, हा नियम जगात सगळीकडे शिकवतात आणि ऐकायला त्याच्यात खोट काढता येत नाही. पण नानांच्या गाडीत तो हजार रुपयांचा लिटर धूर होऊन न्हावरे रोडला गेला असता. मित्राच्या उदार हाताला नाना दिसत नव्हते, स्वतःचीच गाडी दिसत होती. आपण स्वतःला मापदंड धरून दुसऱ्याचं भलं करायला जातो तेव्हा अनेकदा असंच होतं. 'मी त्याच्या जागी असतो तर' याच्या ऐवजी 'तो माझ्याइतकं जाणत असता आणि खिसा त्याचाच असता तर' असा प्रश्न हवा. हा प्रश्न अवघड आहे, कारण त्यासाठी त्याचा खिसा माहीत असावा लागतो.

इथपर्यंत मी फिटरबद्दल बोलतोय, पण हा विषय मला सोडत नाही त्याचं कारण माझं स्वतःचं काम आहे. मी ज्या ॲपवर काम करतो त्यात पैसे भरताना एक जास्तीची सेवा असते, महिन्याला थोडे रुपये. पूर्वी तिथली चौकट आधीच टिक केलेली असायची. लोक भराभर पुढं जातात, टिक राहून जाते, दरमहा पैसे कापले जातात. मीटिंगमध्ये एक वाक्य नेहमी येतं: युजर वाचत नाही. ते खरंच आहे. नानाही नंबर वाचत नाहीत. एकाच वस्तुस्थितीवरून फिटर आणि आम्ही उलट्या दिशांना गेलो. न बघणाऱ्याच्या गाडीत त्यानं टिकणारं ऑइल घातलं. आम्ही न वाचणाऱ्याच्या खात्याला टिक लावली.

केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा क्लृप्त्यांवर नियमावली काढली. तेरा प्रकार नावानिशी दिलेत. न विचारता बिलात काहीतरी सरकवणं हा त्यातला एक. आमच्याकडं नव्या लोकांसाठी चौकट रिकामी झाली. जुन्यांची टिक तशीच राहिली, कारण ते तक्रार करत नाहीत. काही महिन्यांपूर्वी जुन्या खात्यांच्या सेटिंग नव्या टेबलात 'आहे तशा' हलवायचं काम माझ्या नावावर आलं. तांत्रिकदृष्ट्या दोन दिवसांचं. मी त्याखाली लिहिलं, हलवताना प्रत्येकाला एकदा विचारूया: ही सेवा चालू ठेवायची का? उत्तर आलं, पुढच्या तिमाहीत बघू. काम अजून उघडं आहे. मी ते बंद केलेलं नाही आणि 'आहे तसं' हलवलेलंही नाही.

यावर ऑफिसातला एक युक्तिवाद मला टोलवता येत नाही. फिटरकडं एक नाना आहेत, तुझ्याकडं लाखो. तू कुणाचा धूर बघणार? बरोबर आहे. मला कुणाच्या रिंगा गेल्यात हे दिसत नाही, दिसणारही नाही, म्हणून फिटरसारखं माणूस बघून बाटली निवडणं माझ्या हातात नाही. माझ्या हातात फार तर सील समोर तोडणं आहे. आणि तेही आम्ही करतोच की, असं कायदा विभाग म्हणेल. अटी आणि शर्ती आहेत, खाली 'मला मान्य आहे' आहे. पण ती चाळीस पानं म्हणजे बाटलीच्या मागचं बारीक छापलेलं लेबल. 'जाड टाकतोय, धूर कमी होईल, पण काम काढावं लागेल' हे वेगळं. पहिलं स्वतःच्या बचावासाठी सांगितलेलं असतं, दुसरं ऐकणाऱ्याला ठरवता यावं म्हणून. लाखो लोकांना दुसऱ्या पद्धतीनं एक ओळ सांगता येत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला सांगायची नाही एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

माझ्या चुलतभावानं यंदा इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. तिला इंजिनच नाही, त्यामुळे इंजिन ऑइलही नाही. मित्राच्या एक्सेल शीटचा आणि शंभर वर्षांच्या वादाचा एका झटक्यात निकाल. पण तिला रात्री घरात उभी असताना अपडेट येतो. सकाळी रेंज थोडी वेगळी, पिकअप थोडा वेगळा, काय बदललं ते भावाला माहीत नाही आणि त्यानं विचारलंही नाही. गॅरेजमध्ये हे बोलणं निघालं तेव्हा फिटरनं बराच वेळ त्या स्कूटरकडं बघितलं. मला म्हणाले, "म्हंजी आता आमच्याऐवजी तुम्ही ओतणार." चेष्टेत म्हणाले, पण माझ्यासारखी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, गिऱ्हाइकाचं तोंडही न पाहिलेली पोरं खरंच तिथं येऊन बसली आहेत, आणि आमच्यापाशी डायरी नाही.

नानांचं उसाचं बिल गेल्या वर्षी मार्चमध्ये आलं. फिटरनं इंजिन खोललं, बोअर केलं, नवा पिस्टन, नव्या रिंगा. दोन दिवस नाना माझ्या वडिलांची गाडी घेऊन रतीब घालत होते. गाडी परत देताना फिटरनं सांगितलं, आता पुस्तकातलं पातळ टाकलंय, धूर बंद झालाय, पण दर रविवारी दांडी काढून बघायची, नवीन हाय तवर जपायचं. नानांनी मान डोलावली. महिन्याभरानं मी टायर बघायला गेलो होतो तेव्हा विचारलं, नाना बघतात का ऑइल?

"कुठलं," फिटर म्हणाले. "चहाला बसला की मीच बघतो."